घाट चढनारा लॅपटॉप

नेर
४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

दीपमाला,

जय भीम. मी बरी हाये. तूबी बरीच असशीन, नसती तं कोनी ना कोनी येऊन मले चवीनं सांगतलं असतं. इथं सकाळची थंडी पडाले लागली. सुखीबाईची गाय व्याली, गोऱ्हा झाला, म्हनून सुखीबाई तोंड फुगवून हाये. तिले कालवड पाह्यजे होती. एवढी झाली खुशाली.

तीन वर्सांनी माहं अक्षर पाहून छातीवर हात ठेवू नोको. कोनी मेलं नाई. मी लॅपटॉप घेऊन राह्यली.

आता हास. हासून झालं का पुढं वाच.

फोन काहून नाई केला म्हनशीन. फोन बिघडला हाये. आन फोनवर तुले मधातच बोलाची सवय. पत्रात कोनी टोकत नाई, पानभर बोलून घेता येते.

तं गोष्ट अशी. बचत गटाची सचिव मी, हे तुले माहीत हाये. पह्यले रजिस्टरात लिहाचं, सह्या घ्याच्या, अंगठे घ्याचे, झालं. आता तालुक्याची मॅडम म्हनते, "नलूताई, अहवाल टाइप करून मेल करा." कुरडया-शेवयाच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर, पाकिटावरचं लेबल कॉम्प्युटरवर, फोटो कॉम्प्युटरवर. दर खेपेले मी इंद्रजीतच्या दुकानात जाते. झेरॉक्स, टायपिंग, मोबाइलचे कव्हर, लॅपटॉप, समदं थोच इकते. मागच्या महिन्यात त्यानं आपल्या अहवालाले दुसऱ्याच गावच्या गटाचा फोटो लावून धाडला. मॅडमचा फोन, "नलूताई, तुमचा गट शेळ्या केव्हापासून पाळाले लागला?"

म्हनून म्हतलं, सोताचा घ्यावा. घरात एक लॅपटॉप पाह्यजे, एवढी साधी गोष्ट. पन बाप्पा! पोरीले स्थळ पाह्यनं सोपं असंल. मले तं थो अनुभव नाई, तूच तसा येऊ देल्ला नाई.

इंद्रजीतले म्हतलं, "लॅपटॉप दाखव."

"कोनासाठी काकू? नातवासाठी?"

"मले नातू कुठून आला? माह्यासाठी."

थो असा पाह्यला, जशी मी त्याच्याजवळ बंदूकच मांगतली. म्हने, "मंग काकू, लहानसा टॅब घ्या. भजनं आयकाले लय बेस."

"मी भजनं आयकत नाई. तुह्या मायले घेऊन दे."

त्याची माय मागंच खुर्चीवर बसली होती. तिच्या तोंडातली सुपारी जागीच थांबली.

मंग त्यानं एक काढला. चपटा, पापडावानी. "हा ऑफिसकामाले एक नंबर. दिवसभर बॅटरी चालते." मी उलटापालटा करून पाह्यला आन इचारलं, "याच्यात खेळ चालते का?"

"पत्ते चालन की."

"पत्ते नाई. मोठा खेळ. रस्ता, डोंगर, झाडं असनारा."

"थो मंग गेमिंग लॅपटॉप पाह्यजे काकू. पन थो पोरायचा असते."

"कुठं लिहून हाये?"

लिहून नव्हतं. म्हनून दाखवा लागला त्याले. उघडल्याबरोबर बटनं लाल, निळी, हिरवी झाली, वरातीतल्या बँडच्या गाडीवानी. हातात घेतला तं पायलीभर जवारीचं वजन. चार्जर तं इटेएवढा! म्हतलं, हे भिंत बांधाले देता का चार्जिंग कराले? इंद्रजीत म्हने, ताकदीची मशीन हाये, जास्त खाते. बॅटरी किती? तीन तास. पापड दिवसभर चालते आन हा पहिलवान तीन तासांत बसते. असं कसं? तं म्हने असंच असते.

आता तू मनातल्या मनात इचारून राह्यली असशीन का गटाच्या अहवालाले डोंगर आन झाडं कायले लागते. लागते. काम करता करता मानूस इसावा घेते का नाई?

बरं, निंगालंच हाये तं दुसरंबी सांगून टाकते. मी दहावीचा फॉर्म भरला. सतरा नंबरचा, बाहेरून बसाचा. हास पुन्हा. गावच्या शाळेत सातवी झाली तेव्हा मी वर्गात दुसरी होती, हे तुले हजारदा सांगतलं आन तू हजारदा इचारलं का वर्गात पोरं किती होते. अकरा होते. तरी दुसरी. आता गनिताचे व्हिडिओ मोबाइलवर पाह्यते तं भूमिती मुंगीएवढी दिसते. कोन मोठा करून पाहाले जाते तं बोट भलतीकडं लागते आन जाहिरात उघडते. त्यात एक बाई केसाले तेल लावून राह्यते. तिचे केस तोंडपाठ झाले मले, पायथागोरस अजून व्हाचा हाये.

तं गटाचं काम, शाळा, आन मधामधात खेळ. तिन्ही एका डब्यात पाह्यजे आन साठ हजाराच्या वर मी जानार नाई. पैसे कुठून आनले थे इचारू नोको, चोरी केली नाई.

जो भेटते थो शहाना हाये. इंद्रजीत म्हनते आठ जीबी बस झालं. एसटी स्टँडजवळचा म्हनते, आठवाला घेसान तं डोकं धरून रडसान, सोळा घ्या. शाळेचे सर म्हनते, कोन्या मोठ्या शहरातून जुना मांगवा, नव्यासारखा राह्यते. सुखीबाई म्हनते, "लाल घे वं बाई. लाल रंग मळत नाई." गटाच्या अध्यक्षाचा हा सल्ला हाये. माहं डोकं भनभन कराले लागलं. घरी येऊन चहा मांडला तं साखरेच्या जागी मीठ टाकलं.

म्हनून लिहून राह्यली. तुह्या घरी, पांढरकवड्याले, यातलं समजनारं एक मानूस हाये असं मले कुठूनतरी कळलं. हायवेवर त्याचं रिपेरिंगचं दुकान हाये असंबी कळलं. त्या मानसाले इचारून मले लिहून धाड. मी इचारलं असं सांगू नोको. म्हन का शेजारच्या एका बाईले पाह्यजे.

तुही माय,
नलू

ता.क. खेळ ट्रकाचा नाई. दुसराच हाये कोनतातरी.


नेर
१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दीपे,

जय भीम. तुही चिठ्ठी भेटली. चिठ्ठी म्हनाचं का किरान्याची यादी, थे तूच सांग. ना "कशी हायेस", ना "जेवतेस का". वरपासून खालपर्यंत आकडे.

अक्षर तुहं नाई हे घडी उघडताच समजलं. तुहं अक्षर उजवीकडं कलते. हे ताठ हाये, बिलबुकात दाबून दाबून लिहिलेलं. शेजारच्या बाईले मी वाचून दाखवलं. ग्राफिक कार्ड वेगळं पाह्यजे, आतल्या आत असलेलं चालत नाई. रॅम आठ असली तरी चालन, पन अजून एक खाच रिकामी पाह्यजे, म्हनजे पुढं आठ टाकून सोळा करता येते. एसएसडी पाचशे बारा. पंख्याची जाळी खालून मोकळी. वॉरंटी घरी येऊन करनारी. रंगीत बटनाले भुलाचं नाई. आन स्क्रीन अशी पाह्यजे का डोळ्यातून पानी येनार नाई.

शेजारच्या बाईच्या डोळ्याची लय काळजी बाप्पा त्या मानसाले! तिच्या डोळ्यातून पानी येते हे त्याले कोनं सांगतलं?

आन तळाशी तुह्या कलत्या अक्षरात एकच ओळ. "आई, ट्रकचाच ना?"

हो. ट्रकाचाच. झालं समाधान?

आता पुढचं आयक. थे यादी ब्लाऊजात ठेवून मी आन सुखीबाई यवतमाळले गेलो. मोठं दुकान, काचेचं, आत एसी. सुखीबाईनं दारातच चपला काढल्या. म्हतलं, घाल, हे काय दवाखाना हाये? तं म्हने, फरशी पाह्य कशी चकचकीत हाये, मले लाज वाटते. पूर्ण दोन तास अनवानी फिरली आन बाहेर निंगाल्यावर आपल्याच चपला ओळखू येईना तिले.

टाय बांधलेला एक बाप्या आला. "मॅडम, कोणासाठी बघताय?"

सुखीबाई म्हने, "दहावीतल्या पोरीसाठी."

"किती हुशार आहे मुलगी?"

"वर्गात दुसरी होती," मी म्हतलं.

त्यानं तीन मशिनी मांडल्या. मी यादी काढली आन एकेक इचाराले लागली. कार्ड वेगळं का आतल्या आत? रिकामी खाच दाखव. जाळी दाखव, पालथा कर. त्याच्या टायची गाठ ढिली झाली. मॅडमवरून थो मावशीवर आला.

मंग मी म्हतलं, आता चालवून दाखव.

तुह्या बाबाची रीत तुले आठवत असंल. ट्रक घेताना ते रिकामी गाडी कधी पाहात नव्हते. इकनारा म्हने, "चक्कर मारून पाह्य भाऊ, पान्यावानी चालते." ते म्हनत, "माल भर आन घाटात चाल, मंग बोलू." इकनारे हात जोडत. एकाची गाडी घाटात अर्ध्यातच धूर ओकून बसली, तेव्हा त्याच्याच पैशानं चहा पिऊन पायी परत आले होते.

मी बी तेच म्हतलं. ट्रकाचा खेळ टाक, मागं भरलेली ट्रॉली लाव, आन चढावाचा रस्ता काढ. बाप्या पाह्यतच राह्यला. खेळ उतरवाले पाऊन तास लागला. तोवर सुखीबाईनं डब्यातल्या भाकरी काढल्या, आमी तिथंच बाकावर बसून खाल्ल्या. दुकानातले गिऱ्हाईक जमा झाले. मालक आतून उठून आला. म्हने, या कोन हाये? सुखीबाई म्हने, ड्रायव्हर हाये.

पह्यली मशीन, इंद्रजीतनं दाखवली होती तशीच पापडी. सपाटीवर बरी. चढ लागला आन ट्रक थांबला. बंद नाई पडला, फोटोवानी थांबला. मंग एकदम दहा हात पुढं, मंग पुन्हा फोटो. बाप्या म्हने, "मावशी, सेटिंग कमी करा." त्यानं कमी केलं तं झाडं गेली. अजून कमी केलं तं डोंगर पुसट झाला. म्हतलं, अजून कमी करसान तं ट्रकबी जाईन, मी रस्त्यावर नुसती बसलेली दिसीन.

दुसरीनं घाट चढला, पन पंखा असा वाजे का दुकानात मळनीयंत्र सुरू झालं. तिसरीनं घाट चढला. न थांबता, झाडासगट, पानासगट. वळनावर उजवा आरसा पाहून मी ट्रॉली वळवली तं मागं कोनीतरी टाळी वाजवली. खाच रिकामी, जाळी मोकळी, अठ्ठावन हजार. यादीतलं समदं होतं.

म्हतलं, बॅटरी?

साडेतीन तास. खेळलं तं दीड.

तूच सांग. आपल्या आळीत रोज लाइट जाते, जाते तं चार-चार तास. अभ्यास कवा करू? पापडीवर दिवसभर अभ्यास होते, पन थे घाट चढत नाई. पहिलवान घाट चढते, पन थो अंधारात डोळे मिटते. मी टायवाल्याले इचारलं, दोन्ही एकात नाई का? तं त्यानंबी तेच सांगतलं, जे तुह्या यादीच्या शेवटी त्या ताठ अक्षरात लिहून हाये. "दोन्ही या पैशात मिळत नाही. एक सोडावं लागेल."

सोडा लागन! ज्याले पाह्य थो मलेच सांगते सोडा म्हनून. सातवी झाली, शाळा सोडा. लग्न झालं, गाव सोडा. सव्वीस वर्सं ज्याच्या गाडीचा आवाज वळनावरून ओळखला थो मानूस गेला, मंग गाडीबी सोडा. मंग तू. मंग रविवार.

रविवारचं काय, थे इचारू नोको.

आमी काहीच न घेता परत आलो. गाडीत सुखीबाई म्हने, एवढं भांडलीस त्याच्याशी, नुसत्या मशिनीसाठी भांडलीस का? मी म्हतलं, तू तुह्या चपला पाह्य.

चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं, उठते.

वैतागलेली,
तुही माय

ता.क. शेजारच्या बाईले अजून इचाराचं होतं का त्या मानसाची तब्येत कशी हाये. तिलेच पडली हाये, मले नाई.


नेर
२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

जुनेद,

जावई म्हतलं तं "तुम्ही" म्हना लागते, आन "तुम्ही" म्हतलं का माहा पेन अडते. म्हनून पह्यल्या ओळीपुरतं म्हनते, तुम्ही कसे हायेत जावईबापू? झालं. आता पुढं तू.

जय भीम, आन तुह्या घरच्यायले सलाम. शाळेतल्या पोरायची संविधान दिनाची फेरी आत्ताच दारावरून गेली. त्यायचा गलबला थांबला तशी लिहाले बसली. दीपाले हे पत्र वाचू दे, पन तू वाचून झाल्यावर.

शेजारची बाई कोनी नाई, हे तुले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. नाई तं डोळ्याचं लिहिलंच नसतं.

तुले आठवते का, चार वर्सापह्यले माह्या फोनची काच फुटली होती? तू तवा नेरलेच मोबाइलच्या दुकानात होता. फोन द्याले घरी आला आन भिंतीवरचा फोटो पाह्यला, दीपाचे बाबा ट्रकाच्या बोनेटवर हात ठेवून उभे. तू म्हतलं, "ही गाडी आमच्या अब्बांनी खोलली आहे, काकू." मंग इचारलं, "तुम्ही चालवली का कधी?" मले असं कोनी इचारलंच नव्हतं. मी दीपाच्या बाबाले एकदा म्हतलं होतं, मले स्टेरिंगवर बसू द्या. तं म्हने, लायसन दाखव.

पुढच्या रविवारी तू तुहा लॅपटॉप घेऊन आला. सोबत ट्रकाचा खेळ आन थे लहानसं स्टेरिंग. रस्ते कोन्या गोऱ्या देशाचे, एक बैल आडवा येत नाई, एक खड्डा नाई, मले पह्यले तं खोटंच वाटलं. पन चढ खरा होता. मी गिअर टाको तवा तू बाजूले बसून सांगे, "दुसरा, काकू, दुसराच ठेवा." मी ट्रक रस्त्याखाली घातला तं तू हासला नाई. तिसऱ्या का चौथ्या रविवारी तू खेळातल्या ट्रकाच्या काचेवर दीपाच्या बाबाचं नाव लिहून आनलं. नागोराव. मी तुले पोहे देल्ले, शेंगदाने जास्त टाकून.

वर्सभर रविवार. सकाळी दहाले तू येशी आन मी त्याच्या आधीच अंगन झाडून बसलेली. सुखीबाई म्हने, तुह्याकडं कोन पाव्हना येते वं? मी म्हनो, माहा दोस्त हाये.

मंग एक दिवस दीपानं सांगतलं. रजिस्टर लग्नाची नोटीस लागल्यावर सांगतलं.

लोकायले वाटलं मी धर्मावरून भडकली. मीबी तसंच वाटू देल्लं, सोपं होतं थे. कोनी इचारलं का नुसतं कपाळाले हात लावाचा, लोक बाकीचं आपोआप समजून घेते. तुलेबी आज पह्यल्यांदाच सांगून राह्यली. मले राग याचा होता का तू माह्यासाठी येत नव्हता. पूर्ण वर्स मले वाटे, एक पोरगं रविवारची झोप मोडून ह्या बाईले घाट चढवाले येते. आन थे पोरगं चहा घेऊन येनाऱ्या माह्या पोरीले पाहाले येत होतं. मी बहाना होती. मले एवढी लाज वाटली ना जुनेद, जशी मीच काही चोरलं.

पेढे घेऊन तुम्ही दोघं आले त्या दिवशी मी घरीच होती. तुमचा ऑटो वळनावर थांबला, मले आवाज आला. मी कडी लावली आन टीवीचा आवाज वाढवला. शेतीचा कार्यक्रम चालू होता, सोयाबीनवरच्या अळीचा. मले ना शेत, ना सोयाबीन. तरी पूर्ण अळी पाह्यली मी. दीपानं एकदाच "आई" म्हतलं. तू तीनदा "काकू" म्हतलं. तिसऱ्या खेपेले मी टीवी अजून वाढवला. पेढे तुम्ही उंबरठ्यावर ठेवून गेले. मी दार उघडलं तवर सुखीबाईच्या गाईनं खोक्यासगट खाल्ले होते. हेच गाय, जिले आता गोऱ्हा झाला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतकडं गेली आन तुमचे दोघायचेबी नंबर फोनमधून बंद करून घेतले. माहा फोन बिघडला नाई. एकदम धडधाकट हाये. नंबर उघडाचे कसे थे मले येत नाई, आन इंद्रजीतले इचारलं तं सांजपर्यंत पूर्ण नेरले समजन का नलू नरमली. त्याची माय तं सुपारी वाटन.

आता लॅपटॉपचं. शनिवारी जाऊन आनला. तिसरा. घाट चढनारा. सोडाचंच हाये तं बॅटरी सोडली. लाइट गेली का सुखीबाईकडं इन्व्हर्टर हाये, तिच्या ओट्यावर पायथागोरस करीन, तिलेबी शिकवीन. टायवाल्यानं मले पाह्यलं आन आतून मालकालेच बोलावलं. म्हने, ड्रायव्हर मावशी आल्या.

खोका आनल्यापासून मी फोडला नाई. लाकडी पेटीवर ठेवला हाये, वरून टॉवेल झाकून. सुखीबाई रोज येऊन इचारते, फोडला का? तिले वाटते मले भेव वाटते. तिले आपली रीत माहीत नाई. तुह्या अब्बाले इचार. दीपाचे बाबा नवी गाडी घेत तवा थे घरी आनत नव्हते. मी दारात पानी घेऊन उभी राहो आन गाडी सरळ पांढरकवड्याले. तुह्या अब्बानं, मोहिउद्दीनभाईनं, बोनेट उघडून, कान लावून, "ठीक हाये नागोराव, घरी ने" म्हतल्याशिवाय ते चाकाले हार घालू देत नव्हते. मी कितीदा भांडली त्यावरून. बायको पह्यले का मिस्त्री? तं म्हनत, मिस्त्री.

तं मीबी नवी गाडी घेतली हाये. आन माहा मिस्त्री तू हायेस. म्हनून "तुम्ही इकडं या" असं मी लिहिनार नाई. रीतीनं मलेच या लागते.

सहा तारखेले विहारात कार्यक्रम हाये, थो झाला का सात डिसेंबरले, रविवारी, सकाळच्या पह्यल्या एसटीनं निंगते. यवतमाळात गाडी बदलीन. दहाच्या अंदाजानं तुह्या दारात असीन. तेच तुहे नेहमीचे दहा. खोका सोबत हाये, कुरडया हाये, दीपासाठी तिची जुनी वही हाये, ज्यात तिनं माहं चित्र काढून खाली "हिटलर" लिहिलं होतं. तू पह्यले माहा फोन उघडून दे. मंग खोका. थ्या रिकाम्या खाचेत काय टाकाचं थे तू ठरव. आन काचेवर नाव लिहाचं राह्यलं, तेवढं तुह्याच हातानं पाह्यजे.

दीपा चहा घेऊन येईन तवा तू खुशाल तिच्याकडं पाह्य. मी ट्रकाच्या आरशात पाह्यते तशी सगळं पाहात होती रे तवाबी, फक्त समजून घेतलं नाई.

तुम्ही दार उघडनार नाई तं मी खोका उंबरठ्यावर ठेवून जाईन, तेवढा माहा हिशोब बरोबर हाये. तुमच्याकडं गाय नाई असं समजते.

पन रविवारी सकाळी टीवी लावसान तं आवाज जरा बारीक ठेवजा. मी कडी एकदाच वाजवनार हाये, आन हळू.

तुही दोस्त,
नलूकाकू